शुक्रवारची उत्तरं

“शुक्रवारी तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाय. कुनी इचारलं, तर सगलं बरं हाय बोलायचं. दुखतंय-खुपतंय ते देवीला सांगायचं, मानसाला नाय.”

मनुबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. हे सांगताना त्यांचे हात थांबत नसत. ओल्या चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन समोरच्या बाईच्या हातात. दोघी मिळून चादर झटकायच्या आणि दोन झटक्यांच्या मध्ये मनुबाई एकेक वाक्य ठेवायच्या. नवी आलेली प्रत्येक बाई व्रताचा नियम अशीच शिकली. गूळ-चणे, आंबट वर्ज्य, एक वेळ जेवण हे सगळीकडेच असतं. वाकड्या शब्दाचा नियम मात्र मनुबाईंचा स्वतःचा. त्यांच्या सासूने तो त्यांना दिला होता आणि त्यांनी तो आमच्या लाँड्रीला दिला.

आमची लाँड्री म्हणजे ठाण्यातल्या एका मोठ्या हॉटेलचं तळघर. वर कंपन्यांचे साहेब उतरायचे, लग्नं व्हायची, हळदी व्हायच्या. त्या सगळ्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि हळदीने पिवळे झालेले टेबलक्लॉथ खाली यायचे. धुण्याची यंत्रं होती, चादरी इस्त्री करणारा गरम रोलर होता, ब्लीचचे कॅन होते. हवा आत यायला रस्त्याच्या पातळीवर एक लांबट झरोका, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. एक्झॉस्ट फॅन होता, पण तो वाफ बाहेर टाकायच्या ऐवजी आतल्या आत ढवळायचा. मी लाँड्रीला लागून असलेल्या लिनन रूममध्ये होते. धुतलेले कपडे घडी करून मजल्यांवर पाठवायचे, एवढंच माझं काम. आमच्यामध्ये एक खिडकी होती, त्यामुळे वाफ माझ्याकडे अर्धीच यायची आणि बोलणं मात्र पूर्ण.

मनुबाई निवृत्त झाल्या आणि रोलरवर त्यांच्या जागी सगुणा उभी राहिली. सगुणा कळव्याच्या कोळीवाड्यातली. तिचा नवरा दामाजी खाडीत जाळं टाकायचा. खाडीचं पाणी बिघडत गेलं तशी मासळी कमी झाली आणि सगुणा हॉटेलात आली. उंच, रुंद खांद्यांची बाई. मला “वैनी” म्हणायची आणि खिडकीतून घड्या देताना रोज काहीतरी टोमणा मारल्याशिवाय देत नसे. मी जप पुरा होईपर्यंत सकाळी कुणाशी बोलत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून नेमकं तेव्हाच विचारायची, “काय वैनी, रागावलीस काय गो माज्यावर?” आणि मी मान हलवली की हसत सुटायची.

ते हसणं हळूहळू खोकल्यात संपायला लागलं. आधी रोलरपाशी, मग जिन्यात, मग नुसतं बोलतानाही. छातीत शिट्टी वाजायची. कळव्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की औषध मी देतो, पण बाईंना वाफेतून बाहेर काढा. घरी बसणं तिला शक्य नव्हतं. घर तिच्यावरच होतं. तिला एवढंच हवं होतं की वर मजल्यावर बदली व्हावी. खोल्या आवरायच्या, पलंग लावायचे. तिथे खिडक्या होत्या. चौथ्या मजल्यावरून तर खाडीही दिसते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

त्यासाठी तिने शुक्रवार धरले. शुक्रवार म्हणजे कोळीवाड्यात घरोघरी मासळीचा वार. दामाजी म्हणाला, “आख्ख्या आलीत मावरा शिजतंय आन माज्याच घरात चणं.” सगुणाने ते मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. पण तिने व्रत मोडलं नाही. हॉटेलच्या मेसमध्ये आमटीला चिंच असायची म्हणून शुक्रवारी लाँड्रीतल्या सगळ्याजणी, आणि त्यांच्याबरोबर मीही, घरून डबा आणायचो. मेसवाला उत्तम जिन्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणायचा, “आल्या, देव्या आल्या, आज आमचं काय यांना चालायचं नाही.”

बदलीसाठी सगुणा नेमणुका-बदल्या बघणाऱ्या श्रीपाद साहेबांकडे गेली. मीही सोबत गेले होते. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या दारावरची ‘पर्सोनेल’ ही जुनी पाटी त्याच आठवड्यात काढली होती आणि ‘ह्युमन रिसोर्सेस’ अशी नवी, पितळी पाटी लावली होती. त्यांनी सगुणाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाले की मालकांनी आता नवी पद्धत आणली आहे. माणसं का टिकतात, का सोडून जातात, कुणाला कुठे ठेवायचं, हे यापुढे अभ्यास करून ठरणार. एक अभ्यास सुरूच होतोय. तो संपेपर्यंत कुणालाही हलवायचं नाही, नाहीतर निष्कर्ष बिघडतील. मजल्यांवर नव्या जागा निघणारच आहेत. “थोडा धीर धरा सगुणाबाई, अभ्यासातूनच तुमचं काम होईल.”

बाहेर आल्यावर सगुणा म्हणाली, “बघ, देवीनं ऐकलं.” मलाही तसंच वाटलं. आणि अभ्यास करायला येणारी मुलगी कोण हे कळलं तेव्हा तर मी मनोमन हात जोडले. ती आमच्या डोंबिवलीची सुमेधा निघाली. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या अण्णांची धाकटी मुलगी. हॉटेलांमधल्या नोकरवर्गावर ती पीएच.डी. करत होती. अण्णा कौतुकाने सांगायचे, की आपल्याकडे या विषयात कुणी कामच केलेलं नाही, परदेशात मात्र त्यावर ढिगाने लिहिलं जातंय.

सुमेधाला हॉटेलने शुक्रवार दिला. शनिवार-रविवारी लग्नं, सोमवार-मंगळवार त्यांचे कपडे धुण्यात, मग शुक्रवारी लाँड्री जराशी मोकळी. कुणाच्या मनात काही नव्हतं. वार ठरवताना कामाचा ताण बघतात, व्रत बघत नाहीत.

पहिल्या शुक्रवारी ती खाली उतरली आणि तिच्या चष्म्यावर वाफ धरली. तो पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत पुन्हा धरायची. तिने बरोबर थर्मास भरून लिंबाचं सरबत आणलं होतं. उकाड्यात काम करणाऱ्या बायकांसाठी, चांगल्या मनाने. एकीनेही घेतलं नाही. लाँड्रीतली जनाबाई म्हणाली, “नको ताई, आज नाय.” सुमेधाने खूप आग्रह केला, मग थर्मासचं झाकण लावलं. तिला वाटलं असेल, या बायका मला परकी समजतात. मी खिडकीतून तिला सांगितलं, “अगं, शुक्रवार आहे ना, आंबट चालत नाही.” ती कपाळावर हात मारून म्हणाली, “काकू, विसरलेच मी. आई करायची पूर्वी.” विषय तिथेच संपला. वाकड्या शब्दाचा नियम तिच्या आईच्या व्रतात नव्हताच, तो तिला कुठून माहीत असणार.

ती एकेकीला समोर बसवून प्रश्न वाचायची. अगदी समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, अगदी असमाधानी. या पाचांतलं एक निवडायचं. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, असे बरेच प्रश्न. माझी पाळी आली तेव्हा मीही सगळं ठीक आहे म्हटलं. त्या वारी दुसरं म्हणायचं माझ्या मनातच आलं नाही.

सगुणाला तिने रोलरपाशीच बसवलं. मी घड्या घालत होते, ऐकू येत होतं.

“कामाची जागा कशी वाटते?”

“बरी हाय.”

“हवा? वाफेचा त्रास होतो का?”

सगुणा खोकली. खोकून झाल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, “बरं हाय सगलं.”

“म्हणजे समाधानी की अगदी समाधानी?”

“जास्तीचं कंचं हाय ते लिवा.”

“दुसऱ्या विभागात बदली मिळाली तर आवडेल?”

सगुणाने पदर खांद्यावर ओढून घेतला. रोलर फिरत होता. तिने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी अजून विसरले नाही, कारण त्यात भीती नव्हती, उलट एक प्रकारचा भरवसा होता. मग ती म्हणाली, “देवीच्या मनात आसल तसं.”

सुमेधाने काहीतरी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

आता कुणी म्हणेल, दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. पण उत्तरं म्हणजेच अभ्यास, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटलं, अभ्यास म्हणजे ती मुलगी स्वतः येऊन बघते आहे. तिच्या चष्म्यावर वाफ धरते, तिचे डोळे ब्लीचने चुरचुरतात, समोरची बाई एका वाक्यात दोनदा खोकते. एवढं बघितल्यावर आणखी सांगायचं काय? पाहुणा घरी आला की आपण बरं आहे म्हणतो, आणि पाहुणा घर बघून जे समजायचं ते समजतो. आम्ही तिला तसंच धरलं होतं.

ती बरेच शुक्रवार आली. मग यायची थांबली, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावणं आलं.

पडद्यावर रंगीत खांब दाखवले. प्रत्येक विभागाचा एक खांब. पँट्रीचा बुटका, स्वागत कक्षाचा मध्यम, मजल्यांवरच्या लोकांचा त्याहून जरा उंच. आणि सगळ्यांत उंच, हिरवा, लाँड्रीचा. टाळ्या झाल्या. मालक म्हणाले की सगळ्यांत कठीण काम करणारी माणसं सगळ्यांत आनंदी आहेत, हे या अभ्यासाने सिद्ध केलं. लाँड्रीतल्या बायकांना उभं राहायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. श्रीपाद साहेबांनी पुढचं वाचून दाखवलं: इतकी जमलेली तुकडी मोडायची नाही, लाँड्रीतून कुणालाही हलवायचं नाही. मजल्यांवरच्या नव्या जागा पँट्रीतल्या नाराज लोकांना मिळतील.

सगुणा माझ्या शेजारी उभी होती. टाळ्या चालू असताना तिने हळूच विचारलं, “वैनी, म्हंजी माजं काय झालं?”



त्या संध्याकाळी मी सुमेधाच्या घरी गेले. तिने मोठ्या आनंदाने दार उघडलं, मी कौतुक करायला आले असं तिला वाटलं. मी सगळं सांगितलं. मनुबाईंचा नियम, सगुणाचा नवस, श्रीपाद साहेबांचा शब्द. मी बोलत गेले तसा तिचा चेहरा उतरत गेला. अण्णा आत टीव्ही बघत होते, त्यांनी तो बंद केला.

“मी विचारलेलं काकू त्यांना,” ती म्हणाली. “तीन-तीन वेगळ्या तऱ्हेने विचारलेलं. खोटं बोलत असतील तर कळावं म्हणून तसे प्रश्न असतात.”

“त्या खोटं बोलत नव्हत्या गं. व्रत पाळत होत्या.”

“मी सोमवारी आले असते तर?”

“तर सगुणाने तुला इतकं सुनावलं असतं की तुझी वही पुरली नसती.”

ती हसली नाही. मग म्हणाली की प्रबंध दिलेला आहे, आता त्यातला आकडा तिला बदलता येणार नाही. पण ती साहेबांकडे जाईल. आणि ती गेली, हे मी तिच्या बाजूने सांगायला हवं. श्रीपाद साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की मॅडम, तुमचाच अभ्यास चुकला असं तुम्ही लेखी देता का? तिच्या मार्गदर्शकांनी ते देऊ दिलं नाही. आणि अभ्यासाशिवाय निर्णय घ्यायचा नाही असा मालकांचा हुकूम होता. साहेब मला जिन्यात भेटले तेव्हा स्वतःच थांबले. “मी तरी काय करू वहिनी? पूर्वी माझ्या अधिकारात बदली करता यायची. आता माझ्या हातात फक्त ती पाटी आहे.”

सुमेधा पुन्हा अभ्यास करणार होती. या वेळी पाच उत्तरांतलं एक असं नाही. आता परदेशात आकडे मागे पडत चाललेत, माणसांना मोकळं बोलू देतात, टेपवर घेतात आणि त्यातून समजून घेतात, असं ती सांगायची. फक्त विद्यापीठाची मंजुरी यायची होती. मंजुरीला वेळ लागत होता.

सगुणाने व्रत सोडलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं की तुला देवीचा राग नाही येत? ती माझ्याकडे बघतच राहिली. “देवीनं काय केलं गो? तिनं त्या पोरीला माज्या म्होरं आनून बसवली. मीच तिला बरं हाय बोल्ली.” एवढं बोलायलाही तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

गणपती झाले आणि एके दिवशी ती रोलरपाशी खाली बसली ती उठलीच नाही. तिला धरून वर आणलं, रिक्षात घातलं. पुन्हा ती तळघरात उतरली नाही. तिच्या जागी जनाबाई उभी राहिली. जनाबाई सगुणाच्या शेजारच्या घरातली, कळव्याचीच, आणि शुक्रवार धरणारी.

मी कळव्याला गेले तेव्हा सगुणा दारात बाजेवर बसून होती. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून बसूनच झोपायची. दामाजी ओटीवर फाटकं जाळं विणत होता. खाडीचा वास येत होता. मी प्रसाद दिला, तिने तो कपाळाला लावला. मग म्हणाली, “वैनी, चवथ्या माल्यावरनं खारी दिसते, खरं काय?”

मी म्हटलं, “दिसते.”

“आन तिथनं माजं घर?”

मी कधी पाहिलं नव्हतं. तसंच सांगितलं. तिने मान हलवली, जणू ते उत्तरही तिला चाललं.

जरा वेळाने ती जवळ सरकली. दामाजीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात बोलली.

“जना खोकाया लागलीय. काल हितं आलती, मी ऐकलं. ती पोरगी फिरून येल. जना पन बरं हाय बोलल. समद्या बोलतील. तू सांग. कंचाबी वार आसूदे, तू सांग.”

मी माझा हात तिच्या हातावर ठेवला. तिची बोटं रोलरच्या चटक्यांनी जाड झाली होती. “सांगेन,” मी म्हटलं.

“देवीला मी इचारलंय,” ती म्हणाली. 

त्यानंतर थंडीत सुमेधाला मंजुरी मिळाली. तिने हॉटेलला आवर्जून लिहिलं होतं की शुक्रवार सोडून कुठलाही वार द्या. हॉटेलने उत्तर दिलं की लाँड्री मोकळी असते तो शुक्रवारच. तिने फोन केला, भेटून आली, उपयोग झाला नाही. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, “काकू, मी काय करू? त्या बोलणारच नाहीत.” मी तिला चहा दिला. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

त्या शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी पूजा केली. गुळ-चण्यांची वाटी देवीपुढे ठेवली आणि हात जोडून बसले. इतकी वर्षं हा वार पाळत आले, कधी शब्दाने विटाळला नव्हता. माझ्या बोलण्याने काय होणार होतं? एका बाईचा आवाज टेपवर जाणार, तो सुमेधा घरी नेणार, त्याचा अहवाल होणार, मालक वाचतील न वाचतील. फॅन तसाच फिरत राहील. सगुणा वर जाणार नव्हती, हे तर ठरूनच गेलं होतं. मी देवीची क्षमा मागायला गेले आणि मागता आली नाही. मग चारच चणे पदराच्या टोकाला बांधले आणि निघाले.

या वेळी सुमेधाला तळमजल्यावरची एक रिकामी खोली दिली होती, टेपवर यंत्रांचा आवाज येऊ नये म्हणून. म्हणजे या खेपेला तिला वाफही दिसणार नव्हती. जनाबाई पहिली जाऊन आली. परत येऊन रोलरपाशी उभी राहिली.  आपणहून म्हणाली, “बरं हाय सांगितलं.” आणि खोकली.

मग दुसरी जाऊन आली. मग तिसरी.

मी हातातला अभ्रा घडी करून ठेवला. लिनन रूमची खिडकी लोटून घेतली, हात पुसले. लाँड्रीतून जाताना जनाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी समजलं असावं.

“वैनी,” ती हळूच म्हणाली, “आज शुक्रवार हाय गो.”

“हो,” मी म्हटलं.

पदराची गाठ मुठीत धरली आणि जिना चढायला लागले.